उणे दहाचं उणंदुणं

इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर म्हणजे सिग्नल उलटा करून मोठा करणारं सर्किट, आणि गेन म्हणजे किती पट मोठा. हा गेन मोजायला बसताना उत्तर आधीच पाठ असतं. इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर, फीडबॅकला (आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवर) १० किलोओहमचा, गेन उणे १०; उणे म्हणजे उलटा. भागाकार तिसरीतल्या पोरालाही जमेल. तरी अख्खं प्रॅक्टिकल सरतं आणि हाती येतं ९.५, नाहीतर १००, नाहीतर सपाट रेघ.

पहिला घोळ रेझिस्टरचा. १ किलोओहमचे पट्टे म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० किलोओहमचे म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी. आणि लॅबच्या ट्यूबलाइटखाली लाल-नारिंगी जुळे भाऊ. मी तर दोन्ही मल्टिमीटरवर मोजूनच ब्रेडबोर्डात, म्हणजे सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीत, खोचतो. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे. दोघांनी उलट दिशांना ओढलं की गेन ९.०५ ते ११.०५ मध्ये कुठेही, आणि सर्किट निर्दोष! ज्या जर्नलात नेमकं १०.०० असतं, ते रीडिंग शेजाऱ्याचं समजावं.

मग ७४१, म्हणजे सिग्नल मोठा करणारी ऑप-ॲम्प आयसी. १९६८ साली बाजारात आलेला हा अष्टपाद अजून निवृत्तीचं नाव काढत नाही. पिन २ वर इनपुट, ३ ग्राउंडला, ६ वर आउटपुट, ७ ला अधिक १२ व्होल्ट, ४ ला उणे १२. ४ आणि ७ ची अदलाबदल झाली की नाही, हे आयसीवर बोट ठेवलं की कळतं. बोट आपणहून उडतं. पण खरा छळवाद ग्राउंडचा. दोन्ही सप्लायचा मधला सांधा, सिग्नल देणाऱ्या जनरेटरची काळी क्लिप, लहर पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओची काळी क्लिप, सगळं एका ठिकाणी हवं. त्यात काही लांब ब्रेडबोर्डांची सप्लायची पट्टी मधोमध तुटलेली असते. छापील रेघही तिथे तुटते, पण ती बघतो कोण? ती जोडणारी तार, म्हणजे जंपर, राहिला की अर्धं सर्किट उपाशी.

आता १ किलोहर्ट्झची साइन लहर, पीक-टू-पीक (शिखरापासून तळापर्यंत) १ व्होल्ट. जनरेटर म्हणतो १, सीआरओ म्हणतो २. खोटं कोणीच बोलत नाही. जनरेटरने पुढे ५० ओहमचा लोड गृहीत धरलेला असतो. त्याच्या पोटातही ५० ओहम बसलेत, म्हणून निम्मं आतच सांडेल या हिशेबाने तो दुप्पट देतो. इनपुट मोकळं असताना मोजून ठेवलं आणि मग सर्किट जोडलं, की त्यातलं थोडं तिथेच सांडतं. ९.५ चा चोर हाच. सर्किट जोडलेलं असतानाच चॅनल १ इनपुट रेझिस्टरच्या बाहेरच्या टोकाला लावायचा. १०० आलं किंवा १ आलं, तर एका प्रोबची (सीआरओच्या मोजणीच्या तारेची) खिट्टी १० एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करण्यावर, आहे आणि सीआरओला ते कोणी कळवलेलं नाही.

आउटपुटची डोकी सपाट दिसली तर इनपुट कमी करा. १२ व्होल्टच्या सप्लायवर ७४१ त्याच्या एखाद-दोन व्होल्ट अलीकडेच थांबतो. काहीच कळेनासं झालं तर प्रोब पिन २ वर टेकवा. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. इनपुट ठळक दिसत असेल तर फीडबॅकची तार शेजारच्या भोकात आहे.

उरलं ते ‘उणे’. मल्टिमीटरच्या एसी रेंजला ते दिसतच नाही. सीआरओवर दिसतं, पण आधीच्या बॅचने चॅनल २ चं इन्व्हर्ट बटण दाबून ठेवलं नसेल तरच.

हे जमलं की सर फ्रिक्वेन्सी वाढवायला सांगतात. ५० किलोहर्ट्झवर साइन आत जाते आणि बाहेर त्रिकोण येतो! ७४१ ला मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच चढता येतं. अर्ध्या फेरीचे १० मायक्रोसेकंद, म्हणून पीक-टू-पीक ५ व्होल्ट. १ व्होल्ट इनपुटला गेन ५, आणि सगळे बँडविड्थच्या (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत गेन टिकतो, त्याच्या) नावाने बोटं मोडतात. इनपुट १०० मिलिव्होल्टवर आणा, त्रिकोण पुन्हा साइन होतो आणि गेन पावणेनऊच्या आसपास येतो. पण दोन लहरींमधलं अंतर आता १८० अंश नाही, दीडशेच्या आसपास. म्हणजे उणेही धड उणे राहिलेलं नाही, आणि तक्त्यात त्याला रकाना नाही.