रात्रीचं जेवण साडेनऊच्या आत होऊ न देण्याची कृती

साहित्य: दोन दमलेली मोठी माणसं, एक-दोन भुकेली मुलं, गच्च भरलेला फ्रीझर आणि ‘अर्ध्या तासात तयार!’ असं छातीठोकपणे सांगणारी एक पाककृती.

सुरुवात सकाळी अजिबात करायची नाही. संध्याकाळी सात वाजता घरात शिरा, पिशव्या खाली ठेवा आणि मग एकमेकांना विचारा, “आज काय करायचं?” याचं उत्तर “काहीही चालेल” असंच द्यावं. ‘काहीही’ हा पदार्थ सुचवायला फार सोपा आणि शिजवायला अशक्य असल्यामुळे पुढची वीस-पंचवीस मिनिटं आरामात निघून जातात. काही रुक्ष कुटुंबं रविवारी रात्रीच पाच वारांपुढे पाच पदार्थ लिहून तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवतात. सोमवारी अंडी, मंगळवारी डाळ, बुधवारी बटाटा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुलं कंटाळतील ना, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. तीच मुलं एकच कार्टून चार महिने रोज बघतात, हे अशा वेळी आठवू नये.

पदार्थ ठरला की फ्रीझर उघडा. किलोभर खिमा किंवा कोंबडीचे तुकडे आणले तसेच, पिशवीचा गोळा करून आत ढकललेले असतील, तर तुमची तयारी उत्तम आहे. हा गोळा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटायला रात्र आणि वर अर्धा दिवस घेतो. तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. म्हणून तो मायक्रोवेव्हमध्ये टाका. मायक्रोवेव्हच्या लहरी बर्फापेक्षा पाण्यात कितीतरी जास्त शोषल्या जातात, त्यामुळे जो कोपरा आधी वितळतो तोच पुढे तापत राहतो. पाच मिनिटांनी कडा शिजून रबर झालेल्या आणि मधोमध धोंडा, असा एकाच वस्तूचा दुहेरी आनंद मिळेल. गरम पाण्याचं पातेलंही चालेल. त्यात बाहेरचा थर ५ ते ६० अंशांच्या मध्ये, म्हणजे जंतूंना सर्वांत मानवणाऱ्या हवामानात, मुक्काम करतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

पाव किंवा अर्ध्या किलोच्या पिशव्या करून, हवा काढून, हाताने दाबून त्यांचे दोन सेंटिमीटर जाडीचे सपाट पाट बनवणारी माणसं वेगळीच. ती गोठवण्याआधी पिशवीवरूनच सुरीच्या बोथट बाजूने चौकोनही आखतात, म्हणजे नंतर हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. असा पाट घट्ट बंद पिशवीसकट थंड पाण्यात ठेवला की अर्ध्या तासाच्या आसपास सुटतो. अशा लोकांच्या फ्रीझरमध्ये पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या असतात, वर तारखासुद्धा. त्यांच्याशी फार संबंध ठेवू नका.

आता कांदा. वेळ घालवण्यात त्याची सर कशालाच नाही.

पाककृतीत साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं: ‘४ कांदे, बारीक चिरलेले’. त्यातला स्वल्पविराम नीट बघा. त्याच्या एका बाजूला अख्खे कांदे आहेत, दुसऱ्या बाजूला चिरलेले, आणि मधली दहा मिनिटं, सालं, पाणावलेले डोळे आणि हरवलेली विळी किंवा सुरी त्या एवढ्याशा टिंबाला शेपूट फुटलेल्या खुणेत दडपून बसवलेली आहेत. ‘अर्धा तास’ मोजायला सुरुवात होते ती हे सगळं आटोपल्यावर. पहिली पायरी म्हणते, ‘कांदा पाच मिनिटं परतून गडद तपकिरी करा.’ कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत कांद्याचं तापमान शंभर अंशांच्या वर सरकायला तयार नसतं, आणि तपकिरी रंग चांगला चढायला १४० अंशांच्या आसपास तरी जावं लागतं. पाच-सात मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. सोनेरी व्हायला पंधरा-वीस मिनिटं. गडद तपकिरी आणि गोड व्हायला पाऊण तास. पाककृती लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं, पण ‘पाऊण तास’ लिहिलं तर तुम्ही पान उलटाल, हेही त्याला ठाऊक असतं.

तुम्ही मात्र पाच मिनिटांवर विश्वास ठेवा. लहान पॅनमध्ये चारही कांदे एकदम कोंबा. म्हणजे वाफ बाहेर पडणार नाही आणि कांदा परतला न जाता उकडला जाईल. सहाव्या मिनिटाला पांढराच दिसला की गॅस मोठा करा. आता कडा करपतील, गाभा कच्चा राहील, आणि करपल्याची कडवट चव रस्सा कितीही पातळ केला तरी शेवटच्या घासापर्यंत साथ देईल. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग लवकर चढतो, असं कोणीतरी सांगेल. खरं आहे. चिमटीऐवजी पाव चमचा टाका, म्हणजे कांद्याचा लगदा होईल आणि साबणासारखा वासही मिळेल.

ते फ्रीजवर कागद चिकटवणारे लोक कांद्याचंही रविवारीच उरकतात. किलोभर उभा चिरलेला कांदा, रुंद पसरट भांडं, चार मोठे चमचे तेल, एक लहान चमचा मीठ. पहिली दहा मिनिटं झाकण ठेवतात, म्हणजे कांद्याचं पाणी सुटून तो बसतो. मग झाकण काढून मध्यम आचेवर ढवळत राहायचं, तळाला चिकटायला लागला की दोन चमचे पाणी शिंपडून ते खरवडून घ्यायचं. पाऊण तासात किलोचा पाव किलोच्या आसपास उरतो. तो बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचा आणि वड्या पिशवीत काढून ठेवायच्या. मंगळवारी रात्री दोन वड्या गरम तेलात सोडल्या की कांद्याचा प्रश्न दोन मिनिटांत संपतो. मुलांना दारात येऊन “झालं का?” असं सात वेळा विचारण्याची संधीच मिळत नाही. किती निरस घर!

डाळ कुकरला लावताना टोमॅटो किंवा चिंच पहिल्यापासूनच आत टाका. आंबट पाण्यात डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळायला नाखूश असतं, त्यामुळे डाळ दाण्यादाण्याने शाबूत राहते आणि कुकर पुन्हा लावावा लागतो. (आंबट पदार्थ डाळ शिजल्यावर घालतात, हे उघड करू नका.) कुकर गळ्यापर्यंत भरा. डाळी-कडधान्यांसाठी निम्म्याच्या वर भरायचा नसतो, कारण फेस उसळून शिटीच्या भोकात जातो. पण ओटा पिवळा झाल्याशिवाय स्वयंपाक केल्यासारखं वाटत नाही. ‘दहा मिनिटांत शिजते’ यात कुकर तापण्याची आठ-दहा आणि वाफ जिरण्याची दहा मिनिटं धरलेली नसतात. पाणी आधी किटलीत उकळून घातलं तर तापण्याचा वेळ बराच वाचतो, म्हणून थंडच घाला. मसूर डाळ तर साध्या पातेल्यातही वीस मिनिटांत मऊ होते. ती घरात ठेवूच नका.

बटाटे अख्खे उकडा. दीड सेंटिमीटरच्या फोडी दहा-बारा मिनिटांत शिजतात, अख्खा बटाटा अर्धा तास घेतो.

राजमा करायचा बेत असेल तर तो भिजवायचं सकाळी विसरलेलं असणं गृहीतच आहे. इथे मात्र घटकाभर थट्टा बाजूला. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं आणि अर्धवट शिजलेले मूठभर दाणेही घरादाराला उलट्या-जुलाबांनी आडवं करू शकतात. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) ते नष्ट होईल इतकी उष्णता मिळेलच असं नाही. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळून मग पुढचं करावं. भिजवलेला नसेल तर विकतचा, हवाबंद डब्यातला उघडावा; तो शिजवलेलाच असतो, चाळणीत धुऊन घेतला की काम झालं. थट्टा पुन्हा सुरू.

मुलांना सातच्या सुमारास बिस्किटांचा पुडा द्या. साडेनऊला त्यांना भूक नसेल आणि तुमच्या कष्टांचं चीज होणार नाही. गाजर-काकडीच्या कांड्या दिल्या तर भूक शिल्लक राहण्याचा धोका आहे. थोरल्याला कांदा नको, धाकट्याला हिरवं काही नको. तेव्हा दोघांसाठी दोन वेगळे पदार्थ रांधा. भात, डाळ, उकडलेलं अंडं आणि चिरलेला टोमॅटो वेगवेगळ्या वाडग्यांत मांडून ज्याला जे हवं ते घेऊ देणं हा शुद्ध आळशीपणा होय.

जेवणं झाली की उरलेला भात पातेल्यातच, झाकण घालून, ओट्यावर रात्रभर राहू द्या. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि त्यांनी केलेलं एक विष दुसऱ्या दिवशी भात कितीही गरम केला तरी टिकतं. पसरट ताटलीत पसरून निववायचा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवायचा, एवढी यातायात दमलेल्या माणसाने का करावी?

भांडी घासायला पावणेअकरा. फ्रीझरमध्ये अर्धवट सुटलेला गोळा परत ढकला, तो पुन्हा धोंडा होईल. शिजवलेल्या कडधान्याचा हवाबंद डबा हाताशीच आहे, पण त्याला हात लावू नका. उद्या काय करायचं, ते उद्या सातला ठरेल.