वाटी कोणती?

"काकू, घरून ठरवून या ना!" वाण्याच्या पोऱ्यानं परवा मला भर गर्दीत सुनावलं. दिवाळीच्या तोंडावर, सोसायटीतल्या निम्म्या बायका मागे रांगेत उभ्या असताना.

माझ्या हातात आत्यानं फोनवर सांगितलेली चकलीच्या भाजणीची चिठ्ठी होती. 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धने. दुकानात मात्र काटा. काट्याला वाटी कळत नाही आणि आत्याला ग्रॅम.

"साधारण किती होतील हो?" एवढंच मी विचारलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "वाटी कोणती?"

तेलाची पिशवी छातीशी धरून एक काका पुढे सरसावले. आमटीची की श्रीखंडाची? आमटीची, मी म्हटलं. सपाट की शीग लावून? आता हे आत्यानं कुठे सांगितलंय! तांदूळ जुना की नवा? धुऊन वाळवलेला की तसाच? मला घाम फुटला. शाळेतल्या तोंडी परीक्षेलाही एवढे प्रश्न नसायचे.

"तुमच्या पिढीला मापं माहीतच नाहीत," असं म्हणून काकांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली..." रांगेतल्या एक आजी "बरोब्बर!" म्हणाल्या. झालं, काकांना चेव चढला. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी होईपर्यंत ते थांबले नाहीत. मला हवी होती पाव वाटी धने.

"काका, ग्रॅममध्ये बोला," पोऱ्या म्हणाला.

"ग्रॅम? हे बघ तुझे ग्रॅम!" काकांनी तेलाची पिशवी त्याच्या नाकासमोर नाचवली. "1 लिटर लिहिलंय आणि खाली 910 ग्रॅम. उरलेले 90 कुठे गेले?"

"तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, काका."

"मग भाव का जड?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले, पण मनातून नाही. माझा नंबर गेला होता.

खरं तर तांदूळ आणि डाळींचं एक वेळ निभतं. वाटीला वाटी वजन जवळपास सारखंच भरतं, त्यामुळे किलोला अर्धा किलो, त्याला पाव किलो असं चालून जातं. बोंब होते पोहे आणि धन्यांपाशी. तीच वाटी धन्यांनी भरली, तर उडदाच्या निम्मंही वजन भरत नाही. शिवाय हा घोळ काही आपल्याकडेच आहे असं नाही. भाची मेलबर्नला असते. तिकडचा कप 250 मिलीचा, ती बघते त्या अमेरिकन व्हिडिओतला 240 च्या आसपास. मोठा चमचा तिकडे 20 मिलीचा, अमेरिकेत 15 चा. त्यात मैदा चमच्यानं अलगद भरला तर कपाला 120 ग्रॅम, कपच पिठात खुपसला तर 150 सुद्धा. केक बसला की दोष ओव्हनचा.

आपल्याकडे ओव्हनही नाही, दोष थेट बाईचा. चकली तेलात विरघळली की सासर-माहेरचे सगळे एकमतानं म्हणतात, "हात बसला नाही अजून." पाककृती सांगणारी मात्र "अंदाजानं घाल गं" म्हणून मोकळी. अंदाज तिचा, पीठ माझं, तेल माझं. बरं, फिरून विचारावं तर, "एवढं कसं कळत नाही?" नाही कळत! ज्यांना कळतं त्यांनी एकदा वाटी काट्यावर ठेवून आकडा लिहून द्यायला काय हरकत आहे?

शेवटी पोऱ्यानं वैतागून सगळंच पाव-पाव किलो बांधलं, धनेसुद्धा. काका म्हणाले, "बघा, सुटला की नाही प्रश्न?"