पुन्हा तेच, पुन्हा तेच!
नवीन कोरियन गाणी ऐकायचीत म्हटलं की अ‍ॅप काय पुढे करतं? बीटीएस! २०१३ साली आलेला ग्रुप नवीन कसा? पुढचं दाबलं, तर ब्लॅकपिंक, २०१६चा. अहो, आवडतात मला, पण पाठ झालेत! जपानी मागितलं की नुसती अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, शीर्षकगीतं. मग आयमियॉन कुठंय? गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारी ही गायिका मला सापडली ती लोकलमध्ये, मैत्रिणीने तिचा एक इअरफोन माझ्या कानात कोंबला तेव्हा. अकम्यु या कोरियन बहीणभावाच्या जोडीचा पहिला अल्बम २०१४चा, आणि मला कळतंय आत्ता, गेल्या महिन्यात! इतकी वर्षं का दडवून ठेवलंत? काल रात्री साडेबारापर्यंत शोधत बसले. शेवटी काय वाजलं? बीटीएस!