गडद म्हणजे जुनी, जुनी म्हणजे उत्तम? सिंगल माल्टविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘अस्सल सिंगल माल्टच्या चार खुणा’ सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे आणि सोलापुरातल्या आमच्या गटात तो आतापर्यंत तीनदा येऊन गेला. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत (मद्याच्या कारखान्यात) केवळ माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, बार्लीपासून बनलेली व्हिस्की. रंग जितका गडद तितकी व्हिस्की जुनी. वय जितके जास्त तितकी ती उत्तम. पाणी घालणे म्हणजे तिचा अपमान. आणि भारतीय सिंगल माल्ट म्हणजे स्कॉचची, अर्थात स्कॉटलंडच्या व्हिस्कीची, नक्कल, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. शेवटी एक सल्लाही आहे: बाटली न उघडता जपून ठेवा, ती घरातही जुनी होत जाते. गड्ड्याची जत्रा आटोपली की आम्ही पाच मित्र एका गच्चीवर जमून चार माल्ट शेजारी ठेवून चाखतो. त्या अनुभवावरून, आणि व्हिस्की मुळात बनते कशी हे पाहता, या संदेशातले फारच थोडे टिकते.

रंगापासून सुरुवात करू. ऊर्ध्वपातनानंतर बाहेर पडणारे मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. रंग येतो तो ओकच्या पिंपातून. शेरी या स्पॅनिश वाइनचे पीप पहिल्यांदाच व्हिस्कीसाठी वापरले असेल, तर त्यातली आठ वर्षांची व्हिस्की बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या अनेकदा वापरलेल्या पिंपातल्या वीस वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा गडद दिसू शकते. शिवाय स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग मिसळण्यास नियमांनुसार मुभा आहे. जर्मनीत तसे लेबलवर छापावे लागते. रंगाचा प्रभाव किती असतो हे पाहण्यासाठी गेल्या वर्षी आम्ही ग्लासांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. पहिला प्रयत्न फसला, कारण प्रत्येक माल्टला टेपच्या डिंकाचाच वास येऊ लागला. मग स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावली, तळाशी आकडे चिकटवले आणि नव्या सिरिंजने प्रत्येकी 15 मिली मोजून घेतले. लसणाची शेंगाचटणी शेवटपर्यंत झाकून ठेवली, हा सर्वांत कठीण भाग. फॉइल काढल्यावर असे दिसले की पाचांपैकी तिघांनी ‘सर्वांत जुनी’ म्हणून निवडलेला ग्लास चारही ग्लासांतला सर्वांत फिका होता.

वयाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, आणि स्कॉचसाठी किमान अट पिंपातल्या तीन वर्षांची आहे. पण पिंपातले एक वर्ष सगळीकडे सारखे नसते. स्कॉटलंडच्या थंड गोदामात वर्षाला साधारण 2 टक्के मद्य उडून जाते. बंगळुरूत हेच प्रमाण 10 टक्क्यांच्या घरात जाते, कारण उष्णतेने मद्य लाकडात झपाट्याने शिरते आणि तितक्याच वेगाने उडतेही. दरवर्षी 10 टक्के धरले, तर बारा वर्षांनी पिंपात 30 टक्क्यांहूनही कमी उरेल, आणि जे उरेल त्यावर लाकडाचा कडवटपणा चढलेला असण्याची शक्यता मोठी. पिंपातून उडून जाणाऱ्या मद्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात; बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने आठ वर्षे मुरवलेल्या आपल्या माल्टला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे लोभी देवदूत, हे नाव दिले ते काही उगाच नव्हे.

पाण्याबद्दल थोडक्यात. पिंपातून निघालेल्या व्हिस्कीत अल्कोहोल बहुधा 55 ते 60 टक्क्यांच्या आसपास असते. बाटलीत ते 40, 42.8 किंवा 46 टक्के असते ते कारखान्यातच पाणी घातल्यामुळे. म्हणजे अपमान, झालाच तर, आपल्याआधी होऊन गेलेला असतो. स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले, की सौम्य केलेल्या मद्यात धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक पृष्ठभागाकडे येतो. आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट माल्टमध्ये चमचाभर पाणी घातल्यावर आम्हा सर्वांना फरक जाणवला. ग्लास बर्फाने भरणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे; थंडीने वास दबतो.

‘नक्कल’ या आरोपात सत्याचा एक कण आहे. भारतात उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटचा वापर केलेले मद्यही व्हिस्की म्हणून विकले जाते, आणि युरोपात त्याला ते नाव लावता येत नाही. परंतु तो दोष सिंगल माल्टच्या माथी मारणे चूक आहे, कारण ते केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून आणि एकाच डिस्टिलरीत बनते. अमृतने आपले सिंगल माल्ट 2004 मध्ये थेट ग्लासगोत विकायला काढले. त्यांच्या ‘फ्यूजन’मध्ये भारतीय बार्लीला पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या स्कॉटिश बार्लीची जोड आहे, आणि जिम मरे या समीक्षकाने 2010 च्या आपल्या मार्गदर्शिकेत तिला जगात तिसरे स्थान दिले होते.

राहिला सल्ला. काचेत व्हिस्की मुरत नाही. बारा वर्षांची बाटली कितीही काळ ठेवली तरी बारा वर्षांचीच राहते. आमच्यातल्या अण्णांनी मुलीच्या लग्नात आलेली बाटली पंधरा वर्षे माळ्यावर जपली होती, आणि मे महिन्यात 42 अंशांवर जाणाऱ्या आमच्या गावात माळा म्हणजे भट्टीच. या जानेवारीत ती उघडायला घेतली, तेव्हा पातळी गळ्याच्या खाली उतरली होती आणि वाळलेल्या बुचाचा अर्धा तुकडा आत पडला. अण्णांनी काही न बोलता चहाची गाळणी मागवली.