चॅपल रोडची भिंत रात्री निऑन दिसत नाही

वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या, तिथल्या रनवार या जुन्या वस्तीतल्या भिंतीचित्रांचे रात्रीचे फोटो फीडवर सारखे येतात. आकाश जांभळं, गुलाबी रंग डोळ्यांत घुसणारा, भिंत जणू आतून पेटलेली. त्या गल्लीत प्रत्यक्ष उभं राहिलं तर असलं काही दिसत नाही. गिलाव्याला पोपडे आलेले असतात, रंग उन्हापावसाने विटलेला असतो, वर वायरींचं जाळं आणि एका बाजूने खांबावरच्या दिव्याचा उजेड. ते चित्र दुसऱ्या कुणीतरी रंग निवडून काढलेलं आहे. त्याचा फोटो म्हणजे आधी त्याच्या कामाची नोंद, आपली कलाकारी नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अंधारात ही नोंद बिघडते ती कॅमेरा स्वस्त म्हणून क्वचितच. बहुतेकदा घाई नडते.

वेळ आधी ठरवा. रात्रीचे अकरा ही चुकीची वेळ. दिवेलागणीला, सूर्यास्तानंतर साधारण १५ ते २५ मिनिटांच्या पट्ट्यात, आकाशाचा मऊ उजेड आणि खांबावरचा दिवा एकमेकांना तोलून असतात. मुंबईत संधिप्रकाश झटकन आटोपतो, म्हणून ट्रायपॉड सूर्य मावळायच्या आधीच लावून ठेवायचा. चंदेरी स्प्रेचं काम असेल, म्हणजे आत क्रोम आणि बाहेर काळी कड, तर ही वेळ चुकवूच नका. क्रोम हा रंग कमी आणि आरसा जास्त. एकट्या दिव्याखाली तो एका जागी फटफटीत पांढरा होतो आणि बाकी सगळीकडे मेलेला करडा.

ट्रायपॉडवर सुरुवात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तर छिद्र मोठं) ५.६, शटर २ सेकंद अशी करा आणि तिथून वरखाली व्हा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) बंद, टायमर २ सेकंदांवर. ऑटोफोकस सपाट रंगावर भरकटतो, म्हणून चित्रातल्या एखाद्या ठसठशीत कडेवर टॉर्च मारून फोकस घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघताना लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख शहाण्यासारखा वागत असतो आणि लाल रंग कधीच फुटलेला, म्हणजे मर्यादेपलीकडे उजळलेला, असतो. मग त्या लालातले ब्रशचे फटकारे कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाहीत. रिक्षा, स्कूटर, माणसं मध्ये येणारच. कॅमेरा न हलवता सात-आठ फ्रेम घ्या आणि एडिटमध्ये त्यांचा मीडियन (प्रत्येक बिंदूची मधली किंमत) काढा, जाणारे-येणारे पुसले जातात. हेडलाइटचा झोत थेट भिंतीवर पडलेली फ्रेम मात्र आधीच बाजूला काढा.

ट्रायपॉड नसेल तर आयएसओ ३२००, एफ २.८, १/५० किंवा त्याच्या आसपास. १/५० मुद्दाम सांगतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० वर नेलंत की फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात, आणि लोक सेन्सरला शिव्या देत बसतात.

रंगाची खरी अडचण दिव्यात असते. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा रंग काळपट दिसतो, कारण त्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. जो उजेड पडलाच नाही तो व्हाइट बॅलन्सचा (दिव्याची रंगछटा काढून टाकण्याचा) स्लायडर कुठून आणणार? अशा वेळी आपला उजेड न्यावा लागतो. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या आसपासचा एलईडी टॉर्च घ्या. आयएसओ १००, एफ ८, १५ सेकंद, आणि तेवढ्या वेळात भिंतीच्या ४५ अंशांतून टॉर्च सावकाश, सतत हलवत संपूर्ण चित्रावरून फिरवायचा, जसं भिंतीला चुना मारतो तसं. एका जागी थांबलात की तिथे डाग. समोरून फ्लॅश मारला तर ऑइल पेंटवर पांढरा गोळा उमटतो. टॉर्च अगदी भिंतीलगत धरून मारला तर चित्र बाजूला राहतं आणि गिलाव्याचे खड्डेच उठून दिसतात. खांबावरचा दिवाच एलईडी असेल तर काम सोपं आहे. त्याच उजेडात ग्रे कार्डाची (ठरावीक करड्या रंगाच्या कार्डाची) एक फ्रेम घेतली, तिच्यावरून व्हाइट बॅलन्स लावला की झालं. साधा पांढरा कागद कामचलाऊ चालतो, पण त्यातल्या चकाकीच्या रसायनाने तो निळसर झुकू शकतो.

आता फोन. नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचून फोटो बनवतो आणि अंधारातला गोंगाट, म्हणजे फोटोतले रंगीत दाणे, घालवताना बारकावे पुसतो. स्प्रेच्या कडेची ती धुरकट फवाऱ्याची किनार, खाली आलेला ओघळ, हेच तर त्या हाताचं अक्षर असतं, आणि फोन नेमकं तेच गुळगुळीत करतो. फोन ट्रायपॉडला लावा, रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली फाइल) सुरू करा, फिल्टर बंद. गल्ली अरुंद म्हणून अल्ट्रावाइडकडे वळू नका. त्याचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतो आणि अंधारात तो आधी हात टेकतो. मुख्य लेन्सनेच तुकडे घ्या आणि नंतर जोडा. अडीच मीटरवरून उभा धरलेला फोन साधारण २.४ मीटर रुंदीची भिंत पकडतो, म्हणजे दर फ्रेमला दीड मीटरच्या आत बाजूला सरकायचं, भिंतीपासूनचं अंतर तेच ठेवून. एका जागी उभं राहून पॅनोरमा फिरवला तर भिंत धनुष्यासारखी वाकते. सेनापती बापट मार्गावर २००९ साली रंगवलेल्या भिंतीसारखं लांबलचक काम या पायपिटीशिवाय येत नाही. उलट वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर चित्रकार रणजित दहियांनी २०१४ साली साकारलेल्या दादासाहेब फाळक्यांसारखं उंच काम असेल तर मागे, खूप मागे जा. खालून मान वर करून काढलेल्या फोटोत कपाळ निमुळतं होतं.

फेसबुकवर टाकताना लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (वेबवरचा नेहमीचा रंगसंच), जेपेग क्वालिटी ८५ च्या आसपास, हे आपणच करून द्या. नाहीतर फेसबुक स्वतःच्या हिशोबाने दाबतं आणि अंधाऱ्या भागात चौकडे पडतात.

परवानगीशिवायचं काम असेल तर ठिकाण लिहू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, आणि तुमच्या पिनचा फायदा चित्रकाराला होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये जीपीएस तसंच राहतं, तेही काढा. रनवारच्या भिंती लोकांच्या घरांच्या आहेत. उघडी खिडकी आणि आतला माणूस फ्रेममध्ये कशाला?

"रस्त्यावरचं ते सगळ्यांचं" हा गैरसमज फार पसरलाय. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ इमारतींच्या आणि सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांच्या फोटोंना सूट देतं. भिंतीवरचं चित्र त्या सवलतीत बसत नाही. फेसबुकच्या वॉलवर चित्रकाराच्या नावानिशी टाकणं आणि त्याचे प्रिंट, टी-शर्ट विकणं यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकायचं असेल तर चित्रकाराला आधी विचारा. कोपऱ्यातली सही कापून त्यावर आपला वॉटरमार्क ठोकणाऱ्यांना मी सरळ चोर म्हणतो. कलम ५७ तर चित्रकाराला स्वतःचं नाव सांगण्याचा हक्कच देतं.

कॅप्शनमध्ये चित्रकाराचं नाव आणि फोटोचा महिना-वर्ष लिहा. भिंत पुढच्या पावसाळ्यात पुसली जाईल, तेव्हा तारीखच कामाला येते. नाव सापडत नसेल तर सहीचा क्लोजअप दुसरा फोटो म्हणून जोडा. कमेंटमध्ये कुणीतरी ओळखतंच.