लघुग्रह उडवायचा नसतो, त्याला उशीर करायचा असतो

लघुग्रहाची बातमी आली की पहिली कमेंट ठरलेली: "अणुबॉम्ब टाकून उडवून द्या ना!" अहो, यातले बरेच अखंड दगड नसतात, सैल खडीचे ढीग असतात. अर्धवट फोडलात तर एका गोळीचे छर्रे होतील आणि त्याच वाटेने येतील.

फोडायची गरजही नसते. पृथ्वी स्वतःच्या व्यासाएवढं अंतर साधारण सात मिनिटांत कापते. पाहुण्याला तेवढा उशीर झाला की गाडी चुकली.

धडकेच्या दहा वर्षं आधी त्याचा वेग सेकंदाला फक्त 1 सेंटिमीटरने बदला. साधा गुणाकार केला तर फरक येतो 3,150 किमी. पण वेगाबरोबर प्रदक्षिणेचा काळही बदलतो, म्हणून प्रत्यक्षात तो जवळपास तिप्पट भरतो. नेमका मध्यावर येणारा दगड चुकवायला पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे 6,371 किमी, फरक पुरतो. काम झालं. एकच वर्ष हातात असेल तर धक्का दहापट हवा.

आपल्याला किती जमतं? सप्टेंबर 2022 मध्ये नासाचं डार्ट यान, वजन सुमारे 580 किलो, सेकंदाला 6 किमी वेगाने 160 मीटरच्या डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळलं. वेगातला फरक पडला सेकंदाला जेमतेम 2.7 मिलिमीटर! त्यातही यानाच्या स्वतःच्या धक्क्याचा वाटा लहान. उलट्या दिशेने उडालेल्या मलब्याने तो साडेतीन पटींच्या वर नेला. हा गुणक दगडागणिक बदलतो, हीच यातली मोठी मेख.

म्हणून माझं मत: आधी दुर्बिणी, मग रॉकेट. पृथ्वीच्या आसपास फिरणारे 140 मीटरपेक्षा मोठे लघुग्रह सुमारे 25,000 असावेत असा अंदाज आहे, निम्मेही सापडलेले नाहीत. शिवाय सूर्याच्या बाजूकडून येणारा जमिनीवरून दिसतच नाही. 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला 20 मीटरचा दगड असाच आला. त्यासाठी अवकाशात अवरक्त दुर्बीण हवी. काळा दगडही उष्णतेने उघडा पडतो.

धूमकेतूंपुढे मात्र हा हिशेब लंगडा पडतो. सायडिंग स्प्रिंग जानेवारी 2013 मध्ये सापडला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये मंगळाला खेटून गेला. एकवीस महिने! तेवढ्यात यान बांधूनही होत नाही.

आणि हो, चेल्याबिन्स्कमध्ये दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, ते बहुतांशी काचांनी. झोत दिसला, लोक खिडकीशी गेले, दोनेक मिनिटांनी हादरा आला. आकाशात तसं काही लखलखलं तर आधी खिडकीपासून लांब व्हा, व्हिडिओ नंतर.