फुकट वायफाय, पण नंबर भारतीयच पाहिजे

एअरपोर्टवर बसून टाइप करतोय, डोकं तापलंय, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. गोव्याला लग्नाला निघालोय, बरोबर मावसबहीण, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलीये. तिला ऑफिसची एक फाइल पाठवायची होती, दोन मिनिटांचं काम. लॅपटॉप उघडला, 'फ्री वायफाय'ला जोडला, लॉगिनचं पान आलं आणि तिथेच माशी शिंकली. मोबाइल नंबर टाका म्हणे. रकान्यात +91 आधीच छापलेलं, पुसता येत नाही, बदलता येत नाही. ताईचा नंबर जर्सीचा, 732 ने सुरू होणारा, तोही दहा आकडीच, तिने बिचारीने टाकला आणि त्या येड्या पानाने घेतलासुद्धा! 'ओटीपी पाठवला आहे.' अरे कुणाला पाठवला? लातूरला नाहीतर गोरखपूरला कुणाच्यातरी खिशात वाजला असेल. ताई आपली वाट बघत बसलीये, "येईल रे, नेटवर्क स्लो असेल."

शेवटी माझा नंबर टाकला आणि काम झालं. कॉफीच्या काउंटरवरचा पोरगा हे बघून हसत होता, म्हणाला रोज कुणीतरी फॉरेनर नंबर मागतो, मी देऊन टाकतो.

मला सांगा, परक्या देशातून आलेल्या माणसाकडे इथला नंबर नसतो म्हणूनच त्याला वायफाय लागतं ना? पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी रेशनकार्ड मागितल्यासारखं झालं हे.

माझी म्युनिकची गोष्ट मित्रांना तोंडपाठ आहे, तरी परत सांगतो. मारिएनप्लाट्झला टाउन हॉलसमोर उभा होतो, रोमिंग बंद ठेवलेलं कारण पॅकचे भाव बघून घाम फुटलेला, आणि भोसरीच्या पार्टीला, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाला, लेबलवरची एक दुरुस्ती तिथल्या तिथे हवी होती. लॅपटॉप उघडला, यादीत 'BayernWLAN' दिसलं, तिथल्या राज्य सरकारचं फुकट वायफाय. एक पान आलं, एक बटण दाबलं, संपलं. नाव नाही, नंबर नाही, पासवर्ड नाही. फाइल गेली, पार्टीचा अंगठा आला, मी बिअर प्यायला मोकळा. (मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा ना, म्हणणाऱ्यांनी एकदा परदेशात लावून बघा. लॅपटॉपला वाटतं घरचंच वायफाय, तो खुशाल विंडोजचे अपडेट उतरवत बसतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत पॅक खलास. जाण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, म्हणजे तो डेटा जपून वापरतो, एवढं ऐका माझं.)

आता कुणीतरी सुरक्षेचं काढणार. माहितीये हो. 2008 ला अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा तो ईमेल आपल्या नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला होता आणि पोलिस पोचले ते कनेक्शनवाल्या अमेरिकन माणसाच्या दारात. त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार खात्याने सांगितलं की सार्वजनिक वायफायवर माणसाची ओळख पटवा, एसएमएसने नाहीतर फोटो असलेल्या ओळखपत्राने. ठीक आहे, मान्य.

पण आज नोंद कुणाची झाली? माझी! ताईच्या लॅपटॉपवरून जे काही गेलं ते सगळं माझ्या नंबरवर. आणि त्या कॉफीवाल्या पोराच्या नावावर तर अर्धं जग नेट वापरून गेलं असेल. ही सुरक्षा? चोर पकडायला गेलात तर तो पोरगा सापडेल.

आणि जर्मन लोक काही फार उदार होते असं नाही. तिथे पूर्वी तुमच्या वायफायवरून दुसऱ्याने काही डाउनलोड केलं तरी नोटीस तुम्हाला यायची, त्या भीतीने कॅफेवाले कुलूप लावून बसायचे. 2017 ला कायदा बदलला. म्हणजे मनात आणलं तर होतं की.

मघाशी पलीकडे एक गोरे आजोबा लॅपटॉप मांडीवर घेऊन तेच पान परत परत रिफ्रेश करत होते, राहवलं नाही, जाऊन माझा नंबर टाकून आलो. नॉर्वेचे निघाले. नातीला व्हिडिओ कॉल लावला त्यांनी, मला पण हात हलवायला लावला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता त्यांनी पुढे काय बघितलं तेही माझ्याच नावावर, असो.

आपल्याकडे काही एअरपोर्टवर पासपोर्ट स्कॅन केला की वायफायचं कूपन देणारी मशीनं आहेत, तेवढं कौतुक करतो. पण मुळात गेटवर तिकीट बघता, ओळखपत्र बघता, सिक्युरिटीत पट्टा काढायला लावता, बोर्डिंग पास तपासता, एवढी ओळख वायफायला पुरत नाही?

आणि 'इथलं सिम घ्यायचं ना तिने' असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर आधी कुठल्याही परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्याबरोबर सिमच्या दुकानात जाऊन या. पासपोर्ट दाखवा, व्हिसा दाखवा, फोटो काढा, फॉर्म भरा, मग ते चालू व्हायची वाट बघा. ताईला फक्त एक पीडीएफ पाठवायची होती.